नगरसेवक ते टीशख : लिओ वराडकर आणि डब्लिन १५

लिफीकाठचा

नमस्कार मंडळी,

२० मार्च २०२४ ला लिओ वराडकरांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं, त्या संध्याकाळी माझ्या फोनवर पुण्यामुंबईहून निरोपांची रीघ लागली होती. सगळ्यांचा प्रश्न एकच, "आपल्या माणसाने खुर्ची का सोडली?" २०१७ साली ते टीशख झाले तेव्हाही असेच निरोप आले होते. (टीशख म्हणजे आयर्लंडचा पंतप्रधान. आयरिश भाषेतला शब्द आहे.) त्या आनंदात मीही होतो आणि आजही आहे. पण २००६ पासून मी डब्लिन १५ मध्ये, म्हणजे डब्लिनच्या पश्चिमेकडच्या भागात, त्यांच्याच मतदारसंघात राहतो. म्हणून एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आडनाव मालवणचं असलं तरी हा राजकारणी घडला तो इथल्या काउंटी काउन्सिलमध्ये (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेत). आपल्याकडच्या लेखांमध्ये हा भाग एका ओळीत उरकतात, म्हणून हा धागा.

घरची माहिती बहुतेकांना आहे, तरी थोडक्यात. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव मालवणजवळचं वराड, १९६०च्या दशकात इंग्लंडला गेले. आई मिरियम आयर्लंडच्या वॉटरफर्ड काउंटीतल्या डंगारवनची, नर्स. दोघांची भेट इंग्लंडमधल्या स्लाव इथल्या एका रुग्णालयात झाली. पुढे कुटुंब डब्लिनला आलं आणि १८ जानेवारी १९७९ ला लिओचा जन्म झाला. दोन बहिणींवरचं शेंडेफळ. ट्रिनिटी कॉलेजमधून २००३ मध्ये डॉक्टर झाले, इंटर्नशिपचा काही काळ मुंबईत केईएममध्ये काढला.

आता राजकारण. १९९९ ची स्थानिक निवडणूक, वय वर्षं २०, अजून मेडिकलचा विद्यार्थी. फिन गेल पक्षातर्फे मलहडर्ट भागातून उभे राहिले आणि पडले. २००३ मध्ये फिंगल काउंटी काउन्सिलच्या कासलनॉक भागातली एक जागा रिकामी झाली, तिथे पक्षाने त्यांना बसवलं. इथे नगरसेवकाची जागा मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणूक होत नाही, सहसा त्याच पक्षाचा माणूस उरलेला काळ भरून काढतो. आपल्याकडच्या 'स्वीकृत'शी याची गल्लत करू नका, ही पूर्ण मताधिकार असलेली जागा असते. वर्षभरात, २००४ मध्ये, खरी परीक्षा आली. त्या निवडणुकीत त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं मिळाली. त्या वर्षी अख्ख्या देशात कुठल्याही स्थानिक उमेदवाराला मिळालेली ही सर्वाधिक मतं. पाच वर्षांपूर्वी पडलेला पोरगा, वय २५.

हे कसं झालं ते समजायला डब्लिन १५ बघावं लागतं. रॉयल कालव्याच्या कडेची जुनी खेडी आणि त्यांच्याभोवती एकाएकी उगवलेल्या वसाहती : ऑंगार, टिरेल्सटाऊन, क्लोनी. मी आलो तेव्हा आमच्या रस्त्यावर अर्धी घरं विकली गेली होती आणि अर्ध्यांना अजून खिडक्या नव्हत्या. दिवे नाहीत, बस नाही, मुलांना शाळेत जागा नाही. अशा ठिकाणी नगरसेवकाला काम भरपूर असतं. लोक मत देतात ते त्याच कामाकडे बघून. इथले नेते आठवड्यातून एकदा 'क्लिनिक' भरवतात. डॉक्टरचं नव्हे, तक्रारींचं. एखाद्या सभागृहात टेबल टाकून बसायचं, आणि लोक हातात कागद घेऊन येतात : घराचा अर्ज, फुटलेला फुटपाथ, शेजाऱ्याचं वाढीव बांधकाम. नवखा नेता तिथेच तयार होतो.

२००७ मध्ये डब्लिन वेस्टमधून ते संसदेत, म्हणजे डॉलमध्ये गेले. तीनच जागांचा मतदारसंघ, आणि त्या वेळी हरले कोण, तर जो हिगिन्स. समाजवादी, अत्यंत झुंजार वक्ता, ज्याला विरोधकही मान देत. मला तेव्हा त्या निवडणुकीत मत नव्हतं, पण रस्त्यावरच्या प्रत्येक खांबावर टांगलेले चेहरे आठवतात. इथे मतदानाआधी ३० दिवस फलक लावता येतात आणि नंतर ७ दिवसांत उतरवावे लागतात.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, प्रतिसादांत बोलूच. माझं म्हणणं एवढंच की या माणसाकडे बघताना वराडपासून सुरुवात करून थेट २०१७ वर उडी मारू नये.

कट्टेकरीण

धागा आवडला. मी कट्ट्याची, वराड आमच्या अगदी शेजारचं. २९ डिसेंबर २०१९ ला ते गावात आले तेव्हा मी माहेरीच होते. आईवडील, बहिणी, त्यांची कुटुंबं, सगळी मिळून आली होती, तीन पिढ्या एकत्र. रस्त्याच्या कडेला शाळेची मुलं दोन्ही देशांचे झेंडे घेऊन उभी होती. ते गावच्या देवळात गेले, वडिलांच्या घरी गेले. माझ्या शेजारी उभी असलेली एक म्हातारी सारखी म्हणत होती, "अशोकाचो झील इलो." तिला पंतप्रधानाशी काही देणंघेणं नव्हतं. अशोकचा मुलगा घरी आला, एवढंच तिच्या लेखी खरं होतं.

तुमचं म्हणणं पटतं, तो तिकडेच घडला. पण म्हणून आमचा आनंद खोटा होत नाही ना, दादा?

लिफीकाठचा

@कट्टेकरीण, अजिबात नाही ताई. त्या आजींचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी नातं नाकारत नाहीये. त्या नात्याच्या जोरावर आपण बाकीची मेहनत झाकून टाकतो, तेवढीच माझी तक्रार.

आकडेमोड

४,८९४ हा आकडा आपल्या वाचकांना लहान वाटेल, म्हणून थोडं मतमोजणीबद्दल लिहितो. हे समजल्याशिवाय आयरिश राजकारण कळत नाही.

आयर्लंडमध्ये एकाच मतदारसंघातून अनेक जण निवडून येतात, आणि मतदार फुली मारत नाही. उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. निवडून यायला ठरावीक कोटा लागतो : एकूण वैध मतं भागिले (जागा अधिक १), आलेल्या पूर्णांकात १ मिळवायचा. म्हणजे तीन जागा असतील तर पाव मतांच्या वर एक मत, चार असतील तर पाचव्या हिश्श्याच्या वर एक मत. कोणाला कोट्यापेक्षा जास्त मिळाली तर वरची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे पुढे जातात. कोणालाच कोटा मिळाला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला वाटल्या जातात. असं फेरीमागून फेरी. आपल्याकडे राज्यसभेला आमदार अशाच पसंतीने मत देतात. तिकडे सामान्य मतदार देतो.

परिणाम असा की शेजाऱ्याच्या लाडक्या उमेदवाराला शिव्या घालून चालत नाही, कारण त्याची दुसरी पसंती तुम्हाला हवी असते. आणि तुमचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी बहुधा तुमच्याच पक्षातला असतो. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या आद्याक्षराने लावतात. 'व्ही'वाल्या वराडकरांचं नाव तळाशी. तिथवर मतदाराची नजर आणायची तर ओळख पक्की लागते.

लिफीकाठचा

@आकडेमोड, उत्तम. तळाशी असण्याचं मी स्वतः पाहिलंय. २००९ मध्ये पहिल्यांदा इथे मत दिलं, स्थानिक निवडणुकीत. इथल्या स्थानिक निवडणुकीत नागरिकत्व लागत नाही, राहणारा असलात की मत देता येतं, उभंही राहता येतं. प्राथमिक शाळेचा वर्ग, भिंतीवर मुलांनी चिकटवलेली कागदी फुलपाखरं, आणि लाकडी आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल. बोटाला शाई नाही. हातभर लांब मतपत्रिका, प्रत्येकाचा रंगीत फोटो. मी वरून वाचत खाली गेलो, मग पुन्हा वर आलो, आणि १ लिहायला माझी पाच मिनिटं गेली. मागे रांगेत कोणी कुरकुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणी. पेट्या उघडतात तेव्हा कठड्याबाहेर पक्षांची माणसं वह्या घेऊन दाटीने उभी असतात आणि उलगडणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेवर नजर ठेवून रेघा ओढतात. यांना टॅलीमन म्हणतात. अधिकृत निकाल यायला कधी दोन-तीन दिवस लागतात, पण या रेघांवरून दुपारीच कळतं की कुठल्या वसाहतीने कोणाला मत दिलं. पुढची पाच वर्षं कुठला दरवाजा ठोठावायचा, ते तिथे ठरतं.

परळकर_डॉक्टर

केईएमचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी त्यांना भेटलेलो नाही, पण तिथे काम केलेल्या माणसाला बाहेरच्या रुग्णांची रांग आयुष्यभर विसरता येत नाही. सकाळी आठला गेलात तर दुपारी दोनपर्यंत मान वर होत नाही. प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि त्या दोन मिनिटांत नेमकं काय दुखतंय ते काढून घ्यायचं. वर उल्लेखलेलं 'क्लिनिक' वाचून मला तेच आठवलं.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला त्यांनी डॉक्टर म्हणून पुन्हा नोंदणी केली आणि आठवड्यातून एक पाळी वैद्यकीय काम केलं. एका पाळीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेत काही फरक पडत नाही, हे डॉक्टर म्हणून मलाही कळतं. पण त्या दिवसांत आम्ही सगळे भेदरलेलो होतो, आणि एका देशाचा प्रमुख पुन्हा आमच्या रांगेत येऊन उभा राहिला याचा मला फार आधार वाटला होता.

दुपारचा_चहा

कौतुक पुरे, दुसरी बाजूही मांडा. मी डब्लिनला सात वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली आणि शेवटी परत आलो. वराडकर मंत्री आणि टीशख असतानाच्या काळात भाडी कुठल्या कुठे गेली. २०१९ च्या सुरुवातीला सरकारी आकड्यांतच बेघरांची संख्या १०,००० च्या वर गेली होती. मी एका खोलीत तिघांबरोबर राहायचो. घरमालकाने घर विकायला काढलं आणि आम्हाला बाहेर पडावं लागलं, पुढची खोली मिळेपर्यंत नऊ आठवडे ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपलो. त्या देशात पैसा होता, नोकरी होती, घर मात्र नव्हतं.

आणि २००८ मधलं त्यांचं वक्तव्य विसरू नका : बेरोजगार झालेल्या परदेशी लोकांना काही महिन्यांचा भत्ता देऊन मायदेशी पाठवण्याची योजना असावी. स्थलांतरित डॉक्टरच्या मुलाने हे बोलावं? २०१७ मध्ये समाजकल्याण मंत्री असताना भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरातींची मोहीम काढली, ज्यातून गरीब म्हणजे चोर असा सूर निघत होता. तळागाळातून घडलेला नेता असा वागतो का?

लिफीकाठचा

@दुपारचा_चहा, तुमच्या नऊ आठवड्यांबद्दल खरंच वाईट वाटलं. घरांच्या बाबतीत मी त्यांचा बचाव करणार नाही, मला तो करताच येत नाही. माझ्या शेजारच्या घरातली तिशीतली मुलगी अजून आईवडिलांकडेच राहते, मिळवती असून. २०२० च्या फेब्रुवारीत मतदारांनी याचाच हिशोब केला. फिन गेल ३५ जागांवर, तिसऱ्या क्रमांकावर. फियाना फॉल पक्षाला ३८, डाव्या शिन फेनला ३७. आणि आमच्याच डब्लिन वेस्टमध्ये शिन फेनचा उमेदवार पहिल्या फेरीत निवडून आला, तर पदावर असलेले टीशख पाचव्या फेरीत. ज्या मतदारांनी २००४ मध्ये डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच थांबवून ठेवलं.

२००८ चं वक्तव्य मलाही लागलं होतं, मी तेव्हा इथे नवाच होतो. एक मात्र म्हणेन. ते कष्टकऱ्यांमधून नव्हे, डॉक्टरच्या घरातून आले. उजवीकडे झुकलेले होते आणि तसं उघड सांगायचे. मी 'तळागाळातून' म्हटलेलंच नाही, 'स्थानिक राजकारणातून' म्हटलं. दोन्ही एक नव्हेत.

आकडेमोड

२०२० बद्दल एक भर. शिन फेनने फक्त ४२ उमेदवार दिले आणि त्यातले ३७ निवडून आले. आणखी उमेदवार असते तर बरेच निवडून आले असते. त्यांची जास्तीची मतं पुढच्या पसंतीने इतर डाव्या उमेदवारांकडे गेली आणि त्यांना तारून गेली. असं का झालं? कारण आठ-नऊ महिन्यांपूर्वी, मे २०१९ च्या स्थानिक निवडणुकीत, त्यांनी जवळपास निम्मे नगरसेवक गमावले होते. त्यामुळे पक्षाने हात आखडता घेतला. स्थानिक निकालावरून राष्ट्रीय आडाखा बांधला तर असंही होतं.

सीमाभाग

मी बेळगावची. हा धागा वाचताना मला फक्त सविता आठवत राहिली. सविता हालप्पनवार, आमच्या गावची लेक, दंतवैद्य. २८ ऑक्टोबर २०१२ ला आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. गर्भपात होऊ घातला होता, वाचणार नाही हे कळलं होतं, तिने गर्भ काढण्याची विनंती केली, पण गर्भाचे ठोके सुरू आहेत म्हणून थांबवलं, आणि मग जंतुसंसर्ग. ३१ वर्षांची होती. आमच्या गल्लीतल्या बायका त्या आठवड्यात एकमेकींच्या घरी नुसत्या बसून असायच्या, बोलायचं काही नव्हतं.

२५ मे २०१८ ला आयर्लंडने सार्वमत घेऊन गर्भपाताला आडवी येणारी ती आठवी घटनादुरुस्ती काढली, ६६.४ टक्क्यांनी. तेव्हा टीशख वराडकर होते आणि त्यांनी हटवण्याच्या बाजूने प्रचार केला. त्यांच्या मतात बदल झाला होता, आधी ते याच्या विरोधात असत. आरोग्यमंत्री असताना, २०१४ च्या शेवटी, त्यांनी ही दुरुस्ती फार जाचक असल्याचं मांडलं. माणूस डॉक्टर असूनही हे समजायला त्याला इतकी वर्षं लागली याचा मला राग आहे. आणि अखेर समजलं, तेव्हा तो मागे हटला नाही, याचं समाधानही आहे. दोन्ही एकत्र आहेत, आणि मी त्यातलं एक टाकू शकत नाही.

कट्टेकरीण

@सीमाभाग, ताई, काय लिहू. आम्ही वराडच्या आनंदात हे विसरूनच गेलो होतो.

लिफीकाठचा

@सीमाभाग, त्या नोव्हेंबरमध्ये डब्लिनमध्ये हजारो लोक मेणबत्त्या घेऊन चालले, मी आणि बायको त्यात होतो. २०१८ ला मतदानाच्या दिवशी आणि नंतर शहरातल्या एका भिंतीवर रंगवलेल्या तिच्या चित्राभोवती लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. "माफ कर" असं लिहिलेल्या कितीतरी. आयर्लंड बदललं त्यात नेत्यांपेक्षा सविताचा वाटा मोठा, हे इथले लोकही मान्य करतात.

तसंच २०१५. १८ जानेवारीला, आपल्या ३६ व्या वाढदिवशी, वराडकरांनी रेडिओवर सांगितलं की मी समलिंगी आहे. आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत पुरुषांमधले समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. २०१५ मध्येच २२ मे ला सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. ते माझं नागरिक म्हणून पहिलं सार्वमत. पुन्हा तीच शाळा, तीच पेन्सिल. या वेळी पाच मिनिटं लागली नाहीत.

गोंयकार_७२

एक शेजारची गोष्ट. वराडकर युरोपीय परिषदेत (युरोपीय संघातल्या देशप्रमुखांच्या बैठकीत) बसायचे तेव्हा त्याच टेबलावर पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कॉश्ता असायचे, त्यांचं मूळ आमच्या मडगावचं. २०१७ ते २०२० आपल्या किनारपट्टीची दोन घराणी युरोपच्या टेबलावर एकाच वेळी. आणि कॉश्ता पंतप्रधान होण्याआधी लिस्बनचे महापौर होते. म्हणजे तिथेही वाट नगरपालिकेतूनच गेली.

लिफीकाठचा

@गोंयकार_७२, सुंदर जोड. फरक असा की लिस्बनच्या महापौराच्या हातात बरंच काही असतं. आयर्लंडच्या काउन्सिलांना अधिकार फार कमी. पोलीस नाहीत, शाळा नाहीत, पाणीपुरवठाही २०१४ पासून राष्ट्रीय कंपनीकडे. घरं, जमिनीचा वापर, स्थानिक रस्ते, बागा, वाचनालयं एवढं हाती, आणि त्यातही नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याचं वजन जास्त. लोकांनी थेट निवडलेला महापौर २०२४ मध्ये पहिल्यांदा आला, तोही फक्त लिमरिकला. त्यामुळे महत्त्वाकांक्षी नगरसेवकाची नजर डॉलकडेच असते. एकाच वेळी दोन्हीकडे बसायची सोय २००४ पासून कायद्याने बंद झाली, म्हणून २००७ मध्ये वराडकरांना काउन्सिल सोडावं लागलं.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. २०१७ च्या पक्षनेतेपदाच्या लढतीत मतांचं वजन असं होतं : खासदार ६५ टक्के, सामान्य सदस्य २५, स्थानिक लोकप्रतिनिधी १०. सदस्यांनी प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनींना ६५ टक्के मतं दिली. वराडकर जिंकले ते खासदारांच्या आणि नगरसेवकांच्या बळावर. फिन गेलचा सामान्य कार्यकर्ता त्यांच्या बाजूने नव्हता, हे इथे बऱ्याच जणांना आठवत नाही. १४ जून २०१७ ला डॉलने त्यांना ५७ विरुद्ध ५० मतांनी टीशख निवडलं, ४७ जण तटस्थ राहिले. वय ३८.

दुपारचा_चहा

बरं, मग सोडलं का? ते सांगितलंच नाही.

लिफीकाठचा

@दुपारचा_चहा, त्यांनी स्वतः सांगितलं की कारणं वैयक्तिक आणि राजकीय दोन्ही आहेत, पण मुख्यतः राजकीय. पार्श्वभूमी अशी. २०२० नंतर तीन पक्षांचं सरकार, टीशखपद वाटून घेतलेलं, डिसेंबर २०२२ मध्ये त्यांची दुसरी पाळी सुरू झाली. ८ मार्च २०२४ ला कुटुंब आणि घरातल्या सेवाशुश्रूषेबद्दलची दोन सार्वमतं झाली आणि दोन्हींत सरकार सपशेल आपटलं : एकात ६७.७ टक्के विरोध, दुसऱ्यात ७३.९. मलाही प्रस्तावाची शब्दरचना नीट कळली नव्हती, आणि अपंग मुलाची काळजी घेणाऱ्या आमच्या शेजारणीने मला बसवून समजावलं की तिला ती का नको आहे. बारा दिवसांनी राजीनाम्याची घोषणा. जूनमध्ये स्थानिक निवडणुका होत्या, आणि नव्या नेत्याला त्याआधी वेळ मिळावा हा हिशोब त्यात होता. ९ एप्रिलला सायमन हॅरिस टीशख झाले. नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक वराडकरांनी लढवलीच नाही.

शेवटची काही वर्षं त्यांना रस्त्यात शिवीगाळ व्हायची, लोक फोन समोर धरून अंगावर यायचे. ज्या माणसाने दारोदार फिरून राजकारण उभं केलं, त्याला आपल्याच भागात मोकळेपणाने चालता येऊ नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवीन_डब्लिनकर

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मी नर्स आहे, आठ महिन्यांपूर्वी ब्लँचर्ड्सटाऊनला आले. व्हिसावर आहे. वर लिहिलंय की स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, ते माझ्यासारखीलाही लागू आहे का? आणि आमच्या शाळेसमोर रस्ता ओलांडायला पट्टे नाहीत, मुलगा सहा वर्षांचा आहे, सकाळी फार भीती वाटते. हे कोणाला सांगायचं?

लिफीकाठचा

@नवीन_डब्लिनकर, हो ताई, लागू आहे. १८ पूर्ण आणि इथे राहत असलात की झालं. मतदारयादीत नाव ऑनलाइन नोंदवता येतं, जवळ पीपीएस क्रमांक (इथला सरकारी ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (इथला पिनकोड) ठेवा. पुढची स्थानिक निवडणूक २०२९ ला आहे, पण नाव आत्ताच घाला. आणि वाटतं तेवढं हे दूरचं नाही : केरळहून आलेले बेबी पेरेप्पाडन २०२४ मध्ये साउथ डब्लिनचे महापौर झाले.

पट्ट्यांचं काम काउन्सिलचंच. तुमच्या भागातल्या सगळ्या नगरसेवकांची नावं आणि ईमेल फिंगल काउंटी काउन्सिलच्या संकेतस्थळावर आहेत. एकाला नको, सगळ्यांना एकाच वेळी लिहा, एकमेकांच्या आधी उत्तर द्यायला धावतात. सकाळी पावणेनऊचा एक फोटो जोडा, ज्यात गाड्या आणि मुलं दोन्ही दिसतील.

नवीन_डब्लिनकर

नाव नोंदवलं. फोटो उद्या काढते, आज पाऊस होता. मजकूर इंग्रजीत लिहून ठेवलाय, पाठवण्याआधी एकदा बघाल का दादा?

लिफीकाठचा

पाठवा, रात्री बघतो.